यंत्राने सांगू नये, विचारावे

गेल्या दहा-बारा वर्षांत महाराष्ट्रातल्या शाळांचे रूप बरेच पालटले आहे. कुठे लोकवर्गणीतून, कुठे ग्रामपंचायतीच्या निधीतून, कुठे एखाद्या कंपनीच्या मदतीतून जिल्हा परिषदेच्या शाळांत प्रोजेक्टर आले, स्मार्ट टीव्ही आले आणि फाटकावर ‘डिजिटल शाळा’ अशी पाटी लागली. बालभारतीच्या पुस्तकांत क्यूआर कोड छापले जाऊ लागले, २०१७ पासून ‘दीक्षा’ अ‍ॅप शिक्षकांच्या मोबाइलमध्ये आले. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या शाळेत क्यूआर कोडचा वापर करणारे रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळाले, तेव्हा साऱ्या राज्याला अभिमान वाटला. तो योग्यच होता. पण शाळेत काय काय आले याची यादी कितीही लांबली तरी मुले किती शिकू लागली, याचे उत्तर तिच्यात सापडत नाही. या बाबतीत गेल्या तीस-पस्तीस वर्षांत आपल्या देशात आणि बाहेर बरेच काटेकोर प्रयोग झाले आहेत. त्यांचे निष्कर्ष शेजारी शेजारी ठेवून पाहिले, तर एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. यंत्र फक्त सांगत राहिले, तर शिकण्यात फारसा फरक पडत नाही. ते मुलाला विचारू लागले आणि मुलाचे उत्तर शिक्षकापर्यंत पोचवू लागले, तर मात्र फरक पडतो.

दोन प्रयोग पाहा. पेरू देशाने ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ या जागतिक मोहिमेत मोठ्या उत्साहाने भाग घेतला. तिथल्या ग्रामीण भागातल्या ३१९ शाळांचा अभ्यास झाला. ज्या शाळांना लॅपटॉप मिळाले, तिथे मुलामागे एकाहून जास्त संगणक होते. जिथे मिळाले नाहीत, तिथे साधारण आठ मुलांमागे एक. दोन्हीकडच्या मुलांच्या गणिताच्या आणि भाषेच्या गुणांत मात्र फरक आढळला नाही. आता वडोदऱ्याचे उदाहरण घ्या. तिथल्या महापालिकेच्या शाळांना गुजरात सरकारने २००० साली प्रत्येकी चार संगणक दिले होते आणि ते बहुतेक ठिकाणी पडून होते. मुंबईत सुरू झालेल्या ‘प्रथम’ या संस्थेने त्यांच्यावर गणिताचे खेळ बसवले. चौथीची मुले आठवड्यातून दोन तास, एका संगणकावर दोघे अशी बसत. खेळात पुढे जायचे तर उदाहरण सोडवावे लागे आणि ते जमले की पुढचे थोडे अवघड येई. दोन वर्षांत या मुलांची गणिताची प्रगती इतरांपेक्षा स्पष्टपणे जास्त झाली. कार्यक्रम थांबल्यावर वर्षभरात त्यातला बराच लाभ ओसरला, हेही संशोधकांनी नोंदवले आहे. तरीही पेरूमध्ये मुलामुलापर्यंत पोचलेल्या लॅपटॉपने जे साधले नाही, ते इथे चार जुन्या संगणकांनी काही काळ तरी साधले. पेरूच्या मुलाला यंत्र मिळाले, वडोदऱ्याच्या मुलाला सोडवायला उदाहरण मिळाले.

मुलाने असे स्वतः काही करत शिकणे म्हणजे सक्रिय अध्ययन. पण ते नेमके काय, याबद्दल पुष्कळ गैरसमज आहेत. वर्गात गोंगाट असला, मुले खडे-मणी घेऊन गोल करून बसली किंवा भिंती चार्टने भरल्या की ते झाले, असे मानले जाते. अमेरिकेतल्या संशोधक मिशेलिन ची आणि रूथ वायली यांनी २०१४ मध्ये याची चार पायऱ्यांची एक उपयोगी मांडणी केली. नुसते ऐकणे किंवा पाहणे ही पहिली पायरी. ऐकता ऐकता अधोरेखित करणे, उतरवून घेणे ही दुसरी. ऐकलेल्यात आपली भर घालणे, म्हणजे स्वतःच्या शब्दांत समजावणे, कारण सांगणे, आकृती काढणे ही तिसरी. आणि दुसऱ्याशी वाद-संवाद करत, एकमेकांच्या म्हणण्यावर रचत जाणे ही चौथी. वरच्या पायरीवर जावे तसे शिकणे पक्के होते. या मापाने पाहिले तर ज्वालामुखीचा रंगीत त्रिमिती व्हिडिओ गप्प बसून पाहणारा वर्ग पहिल्याच पायरीवर असतो, मग टीव्ही कितीही मोठा असो. आणि ही काही परदेशातून आयात केलेली कल्पना नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या आदिवासी मुलांसाठी कुरणशाळा चालवली, तेव्हा मुले जिथे आहेत तिथे आणि जे करतात त्यातूनच शिक्षण सुरू केले होते. मध्य प्रदेशात १९७२ पासून तीस वर्षे चाललेल्या होशंगाबाद विज्ञान कार्यक्रमात मुले प्रयोग करून, नोंदी ठेवून, आपापसात वाद घालून विज्ञान शिकत. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटच्या शाळांमुळे ‘ज्ञानरचनावाद’ हा शब्द अलीकडे शिक्षकांच्या रोजच्या बोलण्यात रुळला. यंत्राला यात नवे काही शोधायचे नाही, जुन्या शहाणपणाला हातभार लावायचा आहे.

या शहाणपणामागे भक्कम आकडेवारीही आहे. हार्वर्ड विद्यापीठातले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक मझूर यांची व्याख्याने विद्यार्थ्यांना आवडत आणि परीक्षेचे निकालही चांगले लागत. १९९० च्या सुमारास त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांना बल आणि गतीविषयीच्या मूलभूत कल्पनांची एक साधी चाचणी दिली. अवजड ट्रक आणि हलकी मोटार यांची टक्कर झाली तर कोणाचे बल कोणावर जास्त, अशा धाटणीचे प्रश्न. दोन्ही बले सारखीच असतात, हा न्यूटनचा तिसरा नियम सर्वांना तोंडपाठ होता. अवघड गणिते सोडवणारी बरीच मुले इथे मात्र चुकली. मझूर यांनी १९९१ पासून तासाची रचनाच बदलली. थोडे बोलायचे, मग एक प्रश्न टाकायचा, प्रत्येकाने एकट्याने उत्तर द्यायचे, मग शेजाऱ्याशी वाद घालायचा आणि पुन्हा उत्तर द्यायचे. १९९८ मध्ये रिचर्ड हेक यांनी अशा आणि पारंपरिक मिळून ६२ अभ्यासक्रमांतल्या ६,५४२ विद्यार्थ्यांचे निकाल एकत्र केले. सुरुवातीला जे येत नव्हते त्यातले किती आले, हे त्यांनी मोजले. नुसत्या व्याख्यानाच्या वर्गांत हे प्रमाण सरासरी २३ टक्के निघाले, विद्यार्थ्यांना बोलते करणाऱ्या वर्गांत ४८ टक्के. २०१४ मध्ये स्कॉट फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी विज्ञान, गणित, अभियांत्रिकीतल्या २२५ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. व्याख्यानाच्या वर्गांत नापास होणारे सुमारे ३४ टक्के होते, सक्रिय वर्गांत सुमारे २२ टक्के.

असे का होते, याचे उत्तर स्मरणाच्या प्रयोगांतून मिळते. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांच्या एका गटाला एक उतारा चार वेळा वाचायला दिला. दुसऱ्या गटाने तो एकदाच वाचला आणि नंतर तीन वेळा, न बघता, आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी विचारले तेव्हा चार वेळा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारले तेव्हा त्यांना ४० टक्के आठवत होते, लिहून काढणाऱ्यांना ६१ टक्के. डोक्यातून बाहेर काढण्याची खटपट केली की गोष्ट आत पक्की बसते. आणि ती खटपट दुसऱ्याबरोबर केली तर आणखी पुढे जाते. कोलोरॅडो विद्यापीठातल्या जनुकशास्त्राच्या वर्गात २००९ च्या एका अभ्यासात असे दिसले की, ज्या गटात सुरुवातीला एकालाही बरोबर उत्तर येत नव्हते तेही चर्चेनंतर त्याच धर्तीच्या नव्या प्रश्नाचे उत्तर अधिक प्रमाणात बरोबर देऊ लागले. म्हणजे हुशार मुलाची नक्कल करून हे होत नाही, कारणे शोधताना खरोखर काही उमजते.

मग यात यंत्राची गरज कुठे येते? शिक्षकाच्या एका जुन्या अडचणीपाशी. गाण्याच्या तालमीत गुरू एक जागा घेऊन दाखवतात, शिष्य ती घेतो आणि गुरू ऐकतात. सूर किंचित उतरला की तिथेच थांबवतात. शिकवणे तिथे जितके गाण्यात असते, तितकेच ऐकण्यात असते. शाळेतल्या शिक्षकासमोर मात्र चाळीस-पन्नास मुले असतात. ‘समजले का?’ असे विचारले की सारा वर्ग ‘हो’ म्हणतो. प्रश्न विचारला की पुढच्या बाकांवरचे चार-पाच हात नेमाने वर जातात आणि त्यांच्या उत्तरावर सगळ्या वर्गाची नाडी धरली जाते. मागच्या बाकावर काय चालले आहे ते घटक चाचणीचे पेपर तपासताना कळते, तोवर तो घटक संपून पुढचा सुरू झालेला असतो. चाळीस मुलांचे उत्तर त्याच क्षणी, त्याच तासाला ऐकू येणे, हे एकट्या माणसाला जमणारे काम नाही. यंत्राला ते सहज जमते.

यासाठी प्रत्येक मुलाच्या हाती टॅब्लेट असायलाच हवा असेही नाही. ‘प्लिकर्स’ नावाच्या साधनाचे उदाहरण घ्या. यात प्रत्येक मुलाकडे कागदाचे एक चौकोनी कार्ड असते, त्यावर काळी-पांढरी नक्षी छापलेली. प्रत्येक कार्डाची नक्षी वेगळी आणि तिच्या चार बाजू म्हणजे चार पर्याय. आपले उत्तर असेल ती बाजू वर करून मुलाने कार्ड धरायचे. बाईंनी आपल्या मोबाइलचा कॅमेरा वर्गावरून फिरवला की कोणत्या मुलाने कोणता पर्याय निवडला ते नावानिशी त्यांच्या पडद्यावर येते. नक्षी वेगवेगळी असल्यामुळे शेजाऱ्याचे बघून लिहिण्याची सोय नाही आणि चुकणाऱ्याला चारचौघांत मान खाली घालावी लागत नाही. समजा सहावीच्या वर्गात फळ्यावर प्रश्न आहे, यातली सर्वांत मोठी संख्या कोणती: ०.४, ०.६२, ०.३८५ की ०.०९? बरोबर उत्तर ०.६२. पण या प्रश्नाचे खरे मोल त्याच्या चुकीच्या पर्यायांत आहे. ज्याने ०.३८५ निवडले, तो दशांशचिन्हानंतरचा आकडा पूर्ण संख्येसारखा वाचतो आहे, त्याच्या लेखी ३८५ हे ६२ पेक्षा मोठे. ज्याने ०.४ निवडले, त्याने ‘शतांश दशांशापेक्षा लहान असतो’ हे ऐकलेले आहे, पण त्यावरून जितके अंक कमी तितकी संख्या मोठी असा उलटा नियम त्याने बसवला आहे. ज्याने ०.०९ धरले, त्याला स्थानिक किंमत बाजूला राहून नऊ हा मोठा अंक तेवढा दिसला. तिघांनाही ‘चूक’ असा एकच शेरा मिळाला तर तिघेही होते तिथेच राहतात. कोणाचे कुठे अडले ते कळले, तर पुढच्या दहा मिनिटांत तीन वेगवेगळ्या गाठी सोडवता येतात. सगळ्या संख्या सहस्रांशात लिहून पाहू, म्हणजे ४००, ६२०, ३८५, ९०, असे एखादे मूलच सुचवते आणि शेजारच्याला पटवू लागते.

इथे यंत्राचे काम किती छोटे आहे, हे लक्षात घ्यायला हवे. प्रश्न शिक्षकाने निवडला, चुकीच्या पर्यायांमागचा विचार शिक्षकाने केला, वाद मुलांनी घातला. यंत्राने फक्त चाळीस उत्तरे मोजली. पण त्या मोजणीवर पुढचा निर्णय अवलंबून असतो. मझूर यांच्या पद्धतीत साधारण ३० टक्क्यांहून कमी मुलांचे उत्तर बरोबर आले तर शिक्षक विषय पुन्हा समजावतो, ७० टक्क्यांच्या वर गेले तर थोडक्यात कारण सांगून पुढे सरकतो आणि मधे असेल तर मुलांना आपापसात बोलू देतो. त्या मधल्या टप्प्यात समजलेले आणि न समजलेले अशी दोन्ही मुले वर्गात पुरेशी असतात, म्हणून चर्चेला धार येते. अशा वर्गांत पूर्वी मुले रंगीत कार्डे वर करत, पुढे ‘क्लिकर’ नावाची बटणांची यंत्रे आली. नॅथॅनिएल लास्री यांनी २००८ मध्ये दोन्हींची तुलना केली, तेव्हा विद्यार्थ्यांच्या शिकण्यात लक्षणीय फरक आढळला नाही. क्लिकरमुळे शिक्षकाला नेमकी टक्केवारी मिळाली, नोंद राहिली, काम सोपे झाले. शिकणे झाले ते प्रश्न आणि चर्चेमुळे. यंत्रविक्रेत्याच्या माहितीपत्रकात हा निष्कर्ष सहसा नसतो.

उत्तरे ऐकण्यापलीकडे यंत्र आणखी एक काम चांगले करते. जे वर्गात करून पाहता येत नाही, ते करून पाहू देते. एकामागे एक जोडलेल्या दोन बल्बांच्या परिपथात पहिल्या बल्बने काही वीज ‘खाल्ली’ म्हणून दुसऱ्यातून कमी विद्युतधारा जाते, असे पुष्कळ मुलांना वाटते. प्रत्यक्षात ती दोन्हींतून सारखीच वाहते. तारेतले इलेक्ट्रॉन मात्र डोळ्यांना दिसत नाहीत, त्यामुळे नुसता नियम सांगून ही समजूत जात नाही. नोबेल विजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात ‘फेट’ हा प्रकल्प सुरू केला. त्याची आभासी प्रयोगसाधने मोफत आहेत. तिथे मूल बॅटरी, तारा, बल्ब स्वतः जोडते, धारा वाहताना पाहते, बॅटरी वाढवून बघते. २००५ मध्ये याच विद्यापीठातल्या एका अभ्यासात, परिपथ आधी संगणकावर जोडून शिकलेल्या विद्यार्थ्यांनी खऱ्या तारा-बल्ब घेऊन शिकलेल्यांपेक्षा संकल्पनांच्या प्रश्नांत सरस उत्तरे दिली. शिवाय नंतर खरा परिपथ जोडून त्याचे स्पष्टीकरण देण्यातही ते पुढे होते. याचा अर्थ प्रयोगशाळेला कुलूप लावावे असा नाही. बी रुजताना पाहायचे तर मातीच हवी. पण जिथे मुख्य गोष्ट अदृश्य असते तिथे पडदा ती दाखवू शकतो, फक्त हात मुलाचा असला पाहिजे. तेच परिपथ शिक्षकाने प्रोजेक्टरवर स्वतः जोडून दाखवले तर मुले पुन्हा पहिल्या पायरीवर येतात.

तिसरे काम प्रत्येक मुलाच्या पातळीचे. दिल्लीत ‘माइंडस्पार्क’ या संगणकप्रणालीवर मुरलीधरन, सिंग आणि गणिमियन यांनी केलेला अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. सहावीतली मुले गणितात सरासरी अडीच इयत्ता मागे होती आणि नववीपर्यंत ही दरी साडेचार इयत्तांवर गेली होती. एकाच बाकावर तिसरीच्या आणि सातवीच्या पातळीची मुले असताना शिक्षक पुस्तकाच्या पानावरून शिकवणार कोणाला? या केंद्रांत मुले शाळेव्यतिरिक्त रोज दीड तास येत. अर्धा वेळ संगणकावर आपापल्या पातळीचे प्रश्न सोडवत, उरलेला अर्धा वेळ छोट्या गटात शिक्षकासोबत. साडेचार महिन्यांत गणितातली त्यांची प्रगती इतर मुलांच्या साधारण दुप्पट झाली. मात्र याच प्रकारच्या साधनाची दुसरी बाजूही गुजरातमध्ये दिसली आहे. ‘ज्ञानशाला’ संस्थेच्या वर्गांत ली लिंडन यांनी संगणकाचा गणिताचा कार्यक्रम दोन प्रकारे तपासला. शाळेच्या वेळेबाहेर, नेहमीच्या शिकवण्याला जोड म्हणून दिला तेव्हा मुलांना लाभ झाला. शिक्षकाच्या तासाच्या जागी ठेवला तेव्हा मुले उलट मागे पडली. त्या वर्गांत शिकवणे मुळात चांगले होते आणि संगणकाने त्याचीच जागा बळकावली.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आणि शिक्षकखोल्यांत सर्वाधिक ऐकू येणारा आक्षेप असा की प्रश्न, चर्चा, पुन्हा प्रश्न यात वेळ जातो आणि पोर्शन पुरा होत नाही. अडचण खरी आहे, पण पोर्शन पुरा झाला म्हणजे कोणाचा, हे विचारले पाहिजे. शिक्षकाचा बोलून झाला की मुलांचा शिकून झाला? ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात २०११ मध्ये भौतिकशास्त्राचा एकच आठवड्याचा घटक, तेवढ्याच तासांत, दोन वर्गांना शिकवला गेला. एका वर्गाला विद्यार्थीप्रिय आणि अनुभवी प्राध्यापकांनी व्याख्याने दिली. दुसऱ्याला अनुभवाने लहान शिक्षकाने वाचन, प्रश्न आणि चर्चा या मार्गाने शिकवले. चाचणीत पहिल्या वर्गाची सरासरी ४१ टक्के, दुसऱ्याची ७४ टक्के. यातली युक्ती अशी की जे पुस्तकात वाचता येते ते विद्यार्थी आधी वाचून येतात आणि तास अडलेल्या जागांवर खर्च होतो. माहिती देण्याचे काम तासाबाहेर नेण्यासाठी पुस्तकातला क्यूआर कोड खरोखर उपयोगी आहे. त्यामागे पाच मिनिटांचा व्हिडिओ आणि दोन नेमके प्रश्न असतील, तर दुसऱ्या दिवशी तास थेट त्या प्रश्नांवरून सुरू करता येतो.

दुसरा आक्षेप पालकांचा. ‘सर शिकवतच नाहीत, मुलांनाच बोलायला लावतात.’ विद्यार्थ्यांनाही पुष्कळदा असेच वाटते आणि या वाटण्यावर स्वतंत्र अभ्यास झाला आहे. २०१९ मध्ये हार्वर्डमधल्या भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना एक तास ओघवते व्याख्यान आणि दुसरा तास सक्रिय पद्धतीने, असे दोन्ही अनुभव देण्यात आले. सक्रिय तासाला ते चाचणीत जास्त शिकलेले निघाले, पण आपण कमी शिकलो असे त्यांना वाटत होते. सुंदर समजावणी ऐकताना सगळे सोपे वाटते आणि त्या सोपेपणालाच आपण समज मानतो. स्वतः उत्तर शोधताना अडखळायला होते, म्हणून काहीच येत नाही असे वाटते. तेव्हा मुलांच्या किंवा पालकांच्या पसंतीवरून पद्धत निवडणे धोक्याचे आहे. त्यापेक्षा पहिल्याच आठवड्यात त्यांना कारण समजावून सांगावे आणि महिन्याभराने त्यांची उत्तरे त्यांनाच दाखवावीत.

तिसरा आक्षेप जास्त वजनदार आहे आणि तो अभ्यासकांकडून आलेला आहे. किर्शनर, स्वेलर आणि क्लार्क यांनी २००६ मध्ये असे मांडले की, नवख्या विद्यार्थ्याला फारसे मार्गदर्शन न करता ‘स्वतः शोध’ म्हणून सोडून दिले तर त्याची तोकडी कार्यस्मृती भरून वाहते आणि हाती फारसे लागत नाही. हे बरोबर आहे, आणि ज्ञानरचनावादाच्या नावाखाली जिथे शिक्षकाने बाजूला उभे राहायचे असा अर्थ घेतला गेला तिथे त्याचा अनुभवही आलेला आहे. पण वर सांगितलेल्या एकाही यशस्वी प्रयोगात मुलांना वाऱ्यावर सोडलेले नाही. मझूर समजावून सांगतात आणि मग विचारतात. दिल्लीच्या केंद्रात अर्धा वेळ शिक्षक शिकवतो. सक्रिय अध्ययनात शिक्षकाचे सांगणे संपत नाही, ते मुलाच्या उत्तरानंतर येते आणि त्या उत्तराला धरून येते. हाच निकष यंत्रालाही लावावा. मुलाने काय उत्तर दिले याची पर्वा न करता पुढचा व्हिडिओ सुरू करणारे अ‍ॅप आणि खाली मान घालून धडा वाचून दाखवणारा शिक्षक, दोघांच्या वर्गात मुलाच्या वाट्याला सारखेच येते.

चौथा आक्षेप परिस्थितीचा. वीज जाते, नेट मिळत नाही, पट मोठा आहे, शिवाय अशैक्षणिक कामांचा ढीग आहे. यातला कामांचा प्रश्न शिक्षणशास्त्राने सुटणार नाही, तो सरकारनेच सोडवायला हवा. पण मोठ्या पटाचे उत्तर मुंबईतच मिळाले आहे. आयआयटी मुंबईत प्रोग्रॅमिंगच्या पहिल्या अभ्यासक्रमात शेकडो विद्यार्थी एकाच सभागृहात बसतात. तिथे आधी एकट्याने विचार, मग जोडीत, मग सर्वांसमोर अशी पद्धत राबवून २०१३ मध्ये संशोधकांनी निरीक्षणे घेतली, तेव्हा सरासरी ८३ टक्के विद्यार्थी दिलेल्या कामात गुंतलेले दिसले. त्यासाठी लागले ते चांगले प्रश्न आणि घड्याळ. नेट नसेल तिथे रंगीत कागदी कार्डे आहेत, तीही नसतील तर चार बोटे आहेत. छातीशी हात धरून एक, दोन, तीन किंवा चार बोटे दाखवली तरी वर्गाचा अंदाज येतो. उलट प्रत्येक हातात पडदा आला की लक्ष उडण्याचा धोका वाढतो. २०२२ च्या ‘पिसा’ या आंतरराष्ट्रीय चाचणीत, गणिताच्या तासाला शेजाऱ्यांच्या उपकरणांमुळे लक्ष विचलित होते असे सांगणाऱ्या विद्यार्थ्यांचे गुण कमी आढळले. साधने कमी असणे ही अडचण आहे, पण सक्रिय वर्ग त्यावाचून अडून राहत नाही.

राहिली कृत्रिम बुद्धिमत्ता. आता मुलाला कोणत्याही प्रश्नाचे उत्तर मराठीत, क्षणात मिळते, मग शिक्षकाने आणि वर्गाने करायचे काय, असे विचारले जाते. तुर्कस्तानातल्या एका माध्यमिक शाळेत सुमारे हजार विद्यार्थ्यांवर गणिताचा प्रयोग झाला. एका गटाला सराव करताना साधा चॅटबॉट दिला. दुसऱ्याला तोच, पण थेट उत्तर न देता इशारे देण्याची ताकीद असलेला. तिसऱ्या गटाकडे फक्त पुस्तक आणि वही. सरावात चॅटबॉटवाले दोन्ही गट खूप पुढे गेले. मग यंत्र काढून घेऊन परीक्षा घेतली, तेव्हा साधा चॅटबॉट वापरणारे पुस्तकवाल्यांपेक्षा १७ टक्के मागे पडले. इशारे देणाऱ्या चॅटबॉटच्या गटाचे हे नुकसान जवळजवळ झाले नाही, पण पुस्तकवाल्यांपेक्षा ते पुढेही गेले नाहीत. तंत्रज्ञान एकच होते. एकाने मुलाचे काम केले, दुसऱ्याने ते मुलाकडेच ठेवले. सर्वांत नवे आणि सर्वांत हुशार यंत्रसुद्धा सांगू लागले की शिकणे थांबते, याहून स्पष्ट पुरावा दुसरा मिळणे कठीण.

या सगळ्यावरून खर्चाचा क्रम उलटा करायला हवा, असे माझे मत आहे. आज आधी यंत्र येते, मग त्याचे उद्घाटन होते, मग शिक्षकाला ते चालू-बंद करण्याचे प्रशिक्षण मिळते आणि प्रश्नांचा विचार कोणीच करत नाही. आधी प्रश्न हवेत. सहावीच्या दशांशांसाठी, सातवीच्या परिपथासाठी, आठवीच्या इतिहासासाठी, ज्यांचे चुकीचे पर्याय मुलांच्या खऱ्या गैरसमजांतून आलेले आहेत असे दहा-दहा प्रश्न. ते पुण्याच्या किंवा मुंबईच्या कार्यालयात बसून तयार होणार नाहीत, कारण मुले कुठे अडतात ते वर्गातल्या शिक्षकालाच ठाऊक असते. केंद्राच्या शिक्षण परिषदेत दर महिन्याला शिक्षकांनी एका घटकाचे चार प्रश्न बनवले, आपापल्या वर्गात विचारून पाहिले आणि आलेली उत्तरे पुढच्या परिषदेत मांडली, तर वर्षभरात तालुक्याकडे असा साठा तयार होईल जो कोणतीही कंपनी विकू शकत नाही. ‘दीक्षा’वर तो ठेवता येईल, पुस्तकातल्या कोडला जोडता येईल. त्यानंतर यंत्र घ्यावे, आणि तेही या प्रश्नांची उत्तरे गोळा करण्यासाठी लागेल तेवढेच.

शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत नवा टीव्ही, नवे अ‍ॅप किंवा टॅब्लेटचा प्रस्ताव येईल तेव्हा सदस्यांनी आणि पालकांनी त्याच्या पडद्याचा आकार विचारू नये. दोनच गोष्टी विचाराव्यात. हे आल्यावर माझ्या मुलाला एका तासात किती वेळा स्वतः उत्तर द्यावे लागेल? आणि ते उत्तर पाहून दुसऱ्या दिवशी शिकवण्यात काय बदलेल? दोन्हींची समाधानकारक उत्तरे मिळाली तर वर्गणी जरूर द्यावी. मिळाली नाहीत तर तो पैसा शाळेच्या वाचनालयाला द्यावा, मुलांचे त्यात जास्त भले आहे.